झिरो माईल ते हायकोर्ट: गावातून नागपूरला गेलात तर हा रस्ता असा पाहा

आमच्या हिंगणघाटकडचा माणूस नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये फिरायला म्हणून कधी जात नाही, कामानंच जातो. कोणाची हायकोर्टात तारीख, कोणाचं अपील आयुक्त ऑफिसात पडून, कोणी अधिवेशनाच्या वेळी मोर्चात. काम झालं की परत बस. मीही तसाच जायचो. वावराच्या एका केसपायी पाच-सहा वर्षं खेटे घातले, साडेदहाला हजर राहा म्हणून सांगायचे आणि दुपारी चारला कळायचं की आज बोर्डावर आपला नंबरच नव्हता. आता पहाटेची एसटी धरून आलेला माणूस मधले पाच तास करतो काय? निंबाखाली बसतो, चहा पितो, पुन्हा बसतो. मी तेच पाच तास त्या रस्त्यावर चालायला लागलो आणि चालता चालता एकेक दगड, एकेक पाटी वाचत गेलो. मग शाळेतल्या गुरुजींना म्हटलं, सर, पोट्ट्यांची सहल मॉलमध्ये काहून नेता, इकडे चला न. तेव्हापासून दरवर्षी गावातली पंधरा-वीस लेकरं आणि दोन-चार म्हातारी माणसं घेऊन आम्ही जातो. कसं जायचं, काय पाहायचं, कुठे किती वेळ थांबायचं ते सगळं इथे लिहून देतो, म्हणजे तुमच्या गावातूनही कोणाला नेता येईल.

पहिले दिवस ठरवा. उन्हाळ्यात अजिबात नाही, नागपूरचं ऊन कास्तकाराला सांगायची गरज नाही पण लेकरांना घेऊन डांबरावर चालणं वेगळं. डिसेंबरमध्ये अधिवेशन असतं, तेव्हा सगळीकडे बॅरिकेड, पोलीस, पासशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून जानेवारी बेस्ट, त्यातही रविवार, ऑफिसं बंद असतात आणि गाड्या कमी. आणि जानेवारीचं अजून एक कारण आहे जे मला फार उशिरा लक्षात आलं, या रस्त्याच्या बऱ्याच मोठ्या तारखा जानेवारीतच पडतात, पुढे एकेक सांगतोच. सोमवार मात्र टाळा, अजब बंगला सोमवारी बंद असतो आणि लेकरांना सगळ्यात जास्त तेच पाहायचं असतं.

सोबत काय घ्यायचं? पाणी, डबा, प्रत्येक लेकरामागे एक वही आणि पेन्सिल. मोबाईलचे फोटो मोठ्यांनी काढा, लेकरांना लिहू द्या. फोटो काढला की माणूस पुढे सरकतो, अक्षरं उतरवायला लागला की दहा मिनिटं तिथेच उभा राहतो आणि तेवढ्यात त्याला बाकीचंही दिसायला लागतं.

आता एक गोष्ट नागपूरला जायच्या आधीची. आमच्याकडचे असाल तर सुरुवात हिंगणघाटातूनच करा. हिंगणघाटात एका इंग्रज माणसाची कबर आहे, विल्यम लॅम्टन नाव त्याचं. यानं 1802 मध्ये मद्रासजवळून भारताची मोजणी सुरू केली, तिलाच पुढे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे म्हणायला लागले. म्हणजे काय, तर जमिनीवर एक रेषा साखळीनं एकदम काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एखाद्या टेकडीकडे दुर्बिणीच्या यंत्रानं पाहून कोन घ्यायचे, की त्या त्रिकोणाच्या बाकीच्या दोन बाजू न मोजताच गणितानं निघतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा, असं करत करत उत्तरेकडे सरकायचं. ते कोन मोजायचं मोठं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत नेलं ते. वीस वर्षं हा माणूस त्रिकोण टाकत टाकत वर आला आणि नागपूरकडे निघालेला असताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटात वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हातात घेतलं, ज्याचं नाव नंतर त्या शिखराला दिलं. आमच्या गावात पटवारी, भूमापन, मोजणीवाला हे शब्द म्हटले की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, धुऱ्यावरून डोकी फुटतात, पण अख्ख्या देशाची मोजणी करणारा माणूस आपल्याच तालुक्याच्या गावात मातीला मिळाला हे आमच्यातल्या कितीकांना माहीतच नाही. लेकरांना पहिले ही कबर दाखवा, मग झिरो माईलचा खांब त्यांना नुसता खांब वाटत नाही.

जायचं कसं, तर हिंगणघाटवरून एसटीनं जाम, बुटीबोरी करत नागपूर, नाहीतर रेल्वेनं. रेल्वेनं गेलात तर स्टेशनातून बाहेर आल्यावर मागे वळून इमारत पाहा, सगळे घाईत ऑटोवाल्यांच्या गर्दीत शिरतात आणि पाहायचं राहून जातं. दगडी इमारत आहे, 15 जानेवारी 1925 ला तेव्हाचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हातून उद्घाटन झालं. या रस्त्याची ही जानेवारीतली पहिली तारीख, वहीत लिहायला लावा. स्टेशनाजवळच टेकडी गणपती आहे, म्हातारी माणसं सोबत असली तर तिथे गेल्याशिवाय ती पुढे येत नाहीत, तर अर्धा तास तिथला धरूनच चाला. एसटीनं आलात तर गणेशपेठला उतरायचं आणि तिथून ऑटो. लेकरांना मेट्रोत बसवायचं असेल तर सीताबर्डी स्टेशनवरून झिरो माईल फ्रीडम पार्क स्टेशन एवढंच जा, वरून रस्ता कसा जातो ते दिसतं आणि लेकरं दिवसभर खुश राहतात.

पण टेकडी म्हणजे नुसता गणपती नाही. ती सीताबर्डीची टेकडी, वर किल्ला आहे, तो आर्मीच्या ताब्यात असल्यामुळे एरवी आत सोडत नाहीत, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतात. इथे 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली, भोसले हरले. पुढे 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्यच खालसा केलं, 1861 ला इंग्रजांनी मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी. आता राजधानी म्हटल्यावर साहेबांना राहायला बंगले पाहिजेत, कचेऱ्या पाहिजेत, कोर्ट पाहिजे, म्युझियम पाहिजे, चर्च पाहिजे. जुनं शहर महाल नावाच्या भागात, तिथल्या गल्ल्या अरुंद, म्हणून टेकडीच्या पलीकडे मोकळ्या जागेत हे सगळं बसवलं, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडं, मोठमोठे कंपाउंड. तेच सिव्हिल लाईन्स. लेकरांना हे टेकडीच्या पायथ्याशीच सांगून टाका कारण पुढची प्रत्येक इमारत यातूनच निघते.

झिरो माईलला आलात की घाई करायची नाही, मी तरी अर्धा-पाऊण तास देतो. वाळूच्या दगडाचा उंच खांब, चार घोडे, आणि बाजूला एक लहान दगड. लोक घोड्यांसोबत फोटो काढतात आणि निघून जातात, खरी गोष्ट खाली खांबाच्या पायाशी आहे. तिथे गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत, इंग्रजीत, जुन्या स्पेलिंगमध्ये. गेट उघडं असेल तर आत जाऊन वाचा, नसेल तर रेलिंगवरून. मागच्या वर्षी आमच्या सोबत सातवीतली एक पोरगी होती, रेलिंगला नाक लावून एकेक अक्षर जोडत होती, एच, वाय, डी... आणि एकदम ओरडली, "काका, हैदराबाद! हैदराबाद लिवलं हाय!" मग सगळी पोट्टी तिकडेच धावली. हैदराबाद 318 मैल. जबलपूर 170 मैल. चांदा, म्हणजे आपलं चंद्रपूर, म्हातारी माणसं अजूनही चांदाच म्हणतात. रायपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, आणि कवठा. कवठा वाचल्यावर आमच्या प्रत्येकाला वाटलं आपल्याच जवळचा कवठा, कारण आमच्याकडे कवठा नावाची गावं खंडीभर.

इथे लेकरांकडून गणित करून घ्या. एक मैल म्हणजे साधारण 1.6 किलोमीटर. 318 ला 1.6 नं गुणा, पाचशे नऊच्या आसपास येतं. आता विचारा, हैदराबादकडे जाणारा रस्ता कोणता रे? उत्तर त्यांच्या पायाखाली आहे. वर्धा रोडनं आपण जो रस्ता धरून आलो, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, तोच पुढे हैदराबादला जातो आणि इकडे वर जबलपूरला. जुना सात नंबरचा नॅशनल हायवे, बनारस ते कन्याकुमारी, आता त्यातला आपल्याकडचा तुकडा 44 नंबरचा. म्हणजे आमच्या गावच्या फाट्यावरून जी गाडी निघते ती सरळ या खांबापाशी येते. हे समजलं तेव्हा त्या पोरीनं विचारलं, "मंग आपलं गाव काहून नाही लिवलं?" मी म्हटलं, आपण लिहू, वहीत लिही, आणि तिनं लिहिलं, नागपूर ते आमचं गाव, मैल आणि किलोमीटर दोन्ही.

लहान दगडाकडे पण न्या. तो सर्व्हेवाल्यांचा उंचीचा खुणेचा दगड, त्यावर 1907 साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट. दशांशानंतर तीन आकडे! लेव्हलिंग करत करत, म्हणजे दोन उभ्या पट्ट्यांच्या मधोमध दुर्बीण ठेवून प्रत्येक टप्प्याला उंचीचा फरक टिपत, समुद्रापासून इथपर्यंत आले आणि इंचाच्याही बारीक भागापर्यंत हिशोब लावला. लोक म्हणतात हा देशाचा मधला बिंदू. तुम्ही लेकरांना दगडावर काय कोरलंय तेवढं दाखवा, अंतरं आहेत आणि उंची आहे, रस्ते कुठून मोजायचे आणि उंची कुठून धरायची याची ती खूण आहे, आणि माझ्या मते हीच गोष्ट मध्य असण्यापेक्षा मोठी आहे. लॅम्टन हिंगणघाटात वारला त्याला चौऱ्याऐंशी वर्षं झाल्यावर हा दगड बसला, मधल्या काळात सर्व्हेचं सामान वाहणारे किती खलाशी, किती साखळी धरणारे, झाडं तोडून नजर मोकळी करणारे आपल्याकडचे मजूर तापानं गेले असतील, त्यांची नावं कोणत्याच दगडावर नाहीत. हे मी दरवेळी तिथे उभं राहून बोलतो.

तिथून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. इथे आवाज खाली करायला सांगा. 23 नोव्हेंबर 1994 ला, अधिवेशन चालू होतं, विदर्भातल्या गावागावांतून गोवारी समाज मोर्चा घेऊन आला होता, मागणी होती अनुसूचित जमातीत घ्या म्हणून. गुरं राखणारी माणसं, बहुतेक पहिल्यांदाच नागपूर पाहणारी, बायका, लेकरं सोबत. संध्याकाळी मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटजवळ चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. दर 23 नोव्हेंबरला समाज इथे येतो. आमच्या गावात गोवारी मोहल्ला आहे, तिथली एक म्हातारी माय दोन वर्षांपूर्वी आमच्या सोबत आली होती. पूर्ण रस्ताभर बडबडत होती, इथे आल्यावर पदर डोक्यावर घेतला, पिशवीतून पोळी काढून कागदावर ठेवली, जरा वेळ बसली आणि म्हणाली, "भुकेलेच गेले असतीन न बापा." एवढंच. कोणी काही बोललं नाही. लेकरांनी वहीत काय लिहिलं ते मी पाहिलं नाही आणि पाहूही नये असं मला वाटतं. या ठिकाणी माहिती कमी सांगा, तारीख आणि आकडा सांगा आणि पाच मिनिटं उभे राहा.

मग विधान भवन. आत जाता येत नाही, पास लागतो, बाहेरूनच पाहायचं. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताच्या कारभारासाठी बांधलेली इमारत आहे. इथे सांगायची गोष्ट इमारतीपेक्षा कराराची. नागपूर 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत राजधानी होतं, पहिले मध्य प्रांत-वऱ्हाडाची, म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून सीपी बेरार आहे, मग मध्य प्रदेशाची. छप्पन्नला राज्यांची वाटणी झाली, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. त्याच्या आधीच, 28 सप्टेंबर 1953 ला, नागपूर करार झाला होता, त्यात असं ठरलं की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येऊन बसेल आणि निदान एक अधिवेशन इथे होईल. म्हणून डिसेंबरात सगळं मंत्रालय इकडे येतं. आमच्याकडे लोक म्हणतात हुरडा पार्टीला येतात, ते जाऊ द्या, पण लेकरांना हे माहीत असायला पाहिजे की कापसाच्या भावासाठी, पीक विम्यासाठी आपला बाप ज्या दारापुढे थंडीत रात्रभर बसतो, ते दार इथे उघडणं हे करारात लिहून घेतलेलं आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

पुढे चौक येतो, जुने लोक रिझर्व्ह बँक चौक म्हणतात, आता संविधान चौक. बाबासाहेबांचा पुतळा आहे. इथे ट्रॅफिक जोरात असतं, लेकरांचे हात धरून, सिग्नल पाहूनच ओलांडा. उपोषण, धरणं, निदर्शनं जवळजवळ रोज कोणाचं न कोणाचं चालूच असतं. शिकवायला चांगली जागा आहे, मंडपातल्या माणसांना विचारू द्या लेकरांना, काका तुम्ही कशासाठी बसले, ते प्रेमानं सांगतात. एकदा आमच्या पोट्ट्यांना अंगणवाडीच्या बायांनी बसवून शेंगदाणे दिले आणि पगाराचा सगळा हिशोब समजावून सांगितला.

उजवीकडे कस्तुरचंद पार्क, नागपूरचे लोक केपी ग्राउंड म्हणतात. कामठीचे सावकार सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाचं मैदान, मधे छत्रीसारखी जुनी वास्तू आहे. विदर्भातल्या मोठ्या राजकीय सभा इथेच व्हायच्या, 26 जानेवारीची सरकारी परेडही इथेच होते. काही वर्षांपूर्वी इथल्या खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, म्हणजे ज्या जमिनीवर आपण भेळ खात बसतो तिच्या खाली लढाईच्या काळातलं लोखंड पडून होतं. सकाळी लवकर आलात तर या भागात तर्री पोहे खाऊन घ्या, तर्री वेगळी मागा लेकरांसाठी, तिखट असते. डबा इथेच सावलीत सोडायचा. बस्स, इथे जास्त काही पाहायचं नाही, पाय मोकळे करायचे.

जेवण झाल्यावर परत चौकात येऊन पश्चिमेकडे वळायचं. इथून पुढे खरे सिव्हिल लाईन्स लागतात. झाडं मोठी, आवाज कमी, कंपाउंड लांबच लांब. अजब बंगला इथून जवळच. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, पण अजब बंगलाच म्हणा, ऑटोवाल्यालाही तेच कळतं. 1863 मध्ये चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात सुरू झालेलं, म्हणजे प्रांत होऊन दोनच वर्षं झालेली. माझ्या आजीच्या तोंडात अजब बंगला असायचा, तिनं नवरीपणी बैलगाडी आणि रेल्वे करून येऊन पाहिलेला, पेंढा भरलेला वाघ पाहून ती म्हणे आठ दिवस झोपली नव्हती. प्राणी-पक्षी आजही आहेत. लेकरं तिकडेच पळतील, पळू द्या, पण मग त्यांना शिलालेख आणि मूर्तींच्या दालनात आणा आणि आदिवासींच्या वस्तूंच्या दालनात. आमच्या सोबत गोंड मोहल्ल्यातला एक पोट्टा होता, नेहमी मागे मागे राहणारा, काचेतलं वाद्य पाहून म्हणाला हे आमच्या घरी आहे, आजा वाजवतो, आणि मग तो सगळ्यांना सांगत सुटला कसं वाजवतात, चामडं कसं ताणतात. त्या दिवशी गाईड तोच. तुमच्या सोबतही असं कोणी असेल, त्याला पुढे करा. निदान दीड तास ठेवा इथे.

बाहेर पडलं की आकाशवाणी चौक. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं. शेतात रेडिओ झाडाला टांगून निंदण करणाऱ्या पिढीला या पाटीसमोर उभं राहून काय वाटतं ते त्यांचं त्यांनाच माहीत, आमचे एक काका गेटाकडे पाहून म्हणाले, "म्हंजे तो आवाज इथून येत होता." याच भागात कलेक्टर ऑफिस, जिल्हा कोर्ट, आणि जुनं सचिवालय ज्यात आता विभागीय आयुक्त बसतात. आपल्या फायली इथेच फिरतात. रविवारी हे सगळं शांत असतं. ज्या खिडकीपुढे तीन तास रांगेत होतो ती बंद खिडकी पाहून आपली एक भीती कमी होते, मला तरी झाली.

जीपीओ म्हणजे मोठं पोस्ट, लाल इमारत, 1921 ची. पोस्टकार्ड असेल तर लेकरांकडून घरच्या पत्त्यावर एक एक लिहून इथल्या पेटीत टाकायला लावा. आम्ही कार्डं गावातूनच घेऊन जातो कारण रविवारी खिडकी बंद. चार-पाच दिवसांनी पोस्टमन ते कार्ड घरी घेऊन येतो तेव्हा लेकराच्या नावाची ती पहिली टपाल असते.

शेवटी हायकोर्ट. मी मुद्दाम शेवटी ठेवतो, संध्याकाळचं उतरतं ऊन दगडावर पडतं तेव्हा ही इमारत पाहायची. नागपूर हायकोर्ट 2 जानेवारी 1936 च्या सनदेनं स्थापन झालं, पुढच्या वर्षी 9 जानेवारी 1937 ला गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी या इमारतीचा पाया घातला आणि 6 जानेवारी 1940 ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी उद्घाटन केलं. पाहा, पुन्हा जानेवारी. नकाशा हेन्री मेड यांचा, हे नवी दिल्ली बांधणाऱ्या आर्किटेक्ट लोकांच्या हाताखाली काम केलेले, दिल्लीतली दोन मोठी चर्चही यांचीच. खर्च झाला 7,37,746 रुपये. आजच्या हिशोबानं आकडा लहान दिसतो, पण लेकरांना सांगा हा पैसा प्रांताच्या तिजोरीतला, आणि तिजोरीत सारा भरणारा कोण, तर तुमचा पणजा. बऱ्याच जुन्या लोकांनी या इमारतीला दगडातली कविता म्हटलंय. मला कवितेचं कळत नाही, पण केसच्या काळात मी हिच्या समोर इतके तास काढले की कोणत्या महिन्यात सावली कुठपर्यंत येते ते सांगू शकतो. मधला घुमट, त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या बाजू, लांब व्हरांड्याचे खांब. लेकरांना सांगा मधे एक रेघ धरा आणि डावी बाजू उजव्या बाजूवर घडी घालून पाहा, बसते का बरोबर? वहीत अर्धीच इमारत काढायला लावा, उरलेली अर्धी घरी जाऊन काढायची. गेटवरच्या पोलिसांना आधी सांगून ठेवा की शाळेची लेकरं आहेत, फोटो काढणार नाही, बाहेरूनच पाहणार, म्हणजे कोणी हटकत नाही.

थोडं हिशोबाचं. सगळं मिळून चालणं चार-पाच किलोमीटरच्या आसपास होतं, म्हातारी माणसं असतील तर अजब बंगल्यानंतर ऑटो करा. दहा लेकरांमागे एक मोठा माणूस पाहिजेच. बाथरूमची सोय मेट्रो स्टेशन आणि अजब बंगला इथेच करून घ्या, मधे पंचाईत होते, मुलींची जास्त, हे आम्ही पहिल्या वर्षी विचारातच घेतलं नव्हतं आणि पोरींना त्रास झाला. दिवस उतरायच्या आत परत बसस्टँडवर या, रविवारी परतीच्या गाड्यांना गर्दी असते.

परतीच्या गाडीत लेकरं झोपतील असं वाटतं पण झोपत नाहीत. त्यांना खिडकीच्या बाजूला बसवा आणि किलोमीटरचे दगड मोजायला लावा, एका बाजूच्या सीटवाल्यांनी आकडा वाचायचा, दुसऱ्या बाजूवाल्यांनी वहीत मैल करून लिहायचे. बुटीबोरीपर्यंत लाइटमध्ये दिसतं, पुढे अंधार पडतो, मग ड्रायव्हरच्या लाइटात एखादा दगड चमकला की सगळी मिळून ओरडतात. जामला गाडी थांबली की चहा घ्या, तिथे उतरलेल्या एखाद्या प्रवाशाला आमची पोट्टी विचारतात, काका तुमचं गाव झिरो माईलवरून किती मैल?